खर्जाच्या शोधात : बेस गिटार, पेडल आणि मुंबईचे वादक

बेस गिटार वाजवणाऱ्यांना इफेक्ट पेडलची, म्हणजे आवाज बदलणाऱ्या, पायाने दाबायच्या पेटीची, जी ओढ असते, तिचे मूळ या वाद्याच्या घडणीतच आहे. माणसाच्या उंचीपेक्षा मोठा, लाकडी पोकळीत घुमणारा उभा डबल बेस वाहून नेणे अवघड होते आणि मोठ्या वाद्यवृंदात त्याचा आवाज दबून जाई. त्याला पर्याय म्हणून विजेवर चालणारे, गळ्यात अडकवता येईल असे वाद्य शोधले गेले. अमेरिकेत सिएटलच्या पॉल टटमार्कने १९३६ च्या सुमारास तसा एक नमुना बाजारात आणला. मात्र ते सर्वत्र रुजले लिओ फेंडरच्या १९५१ च्या ‘प्रिसिजन बेस’मुळे. पडद्यांमुळे स्वर अचूक लागू लागला आणि वाद्य खांद्यावर टाकून लोकलने नेता येऊ लागले. पण या सोयीसाठी एक गोष्ट गमावली. डबल बेसचा आवाज त्याच्या लाकडात होता. बेस गिटारचा भरीव लाकडी देह स्वतः जवळजवळ मुका असतो. तारेचा कंप पिकअपमध्ये विजेचा बारीक संकेत होतो आणि आवाज खऱ्या अर्थाने घडतो तो वाद्याबाहेर, अँप्लिफायर आणि स्पीकरमध्ये. नाद वाद्याबाहेर घडतो म्हटल्यावर तो तिथेच घडवत, बदलत राहावा असे वादकाला वाटणे स्वाभाविक होते.

पायाने दाबायच्या पहिल्या व्यावसायिक इफेक्ट पेट्यांपैकी एक तर थेट बेसच्याच आवाजातून जन्मली. अमेरिकन गायक मार्टी रॉबिन्सचे ‘डोन्ट वरी’ हे गाणे नॅशव्हिलमध्ये ध्वनिमुद्रित होत असताना ग्रेडी मार्टिन सहा तारांची बेस गिटार वाजवत होता. मिक्सिंगच्या टेबलातील एक भाग बिघडला आणि त्याचा स्वर फाटून खरखरीत आला. गाणे १९६१ मध्ये तसेच प्रसिद्ध झाले आणि गाजले. त्या वेळचा ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी याने तो बिघाड ट्रान्झिस्टरच्या सर्किटमध्ये मुद्दाम घडवून आणला. त्यातून १९६२ मध्ये गिब्सन कंपनीचा ‘मेस्ट्रो फझ-टोन’ आला. याच काळात कंपनीने आपल्या एका बेस गिटारच्या पोटातच फझ बसवून ती विकायला काढली. फझ-टोनला खरे गिऱ्हाईक मिळाले ते १९६५ मध्ये, रोलिंग स्टोन्सच्या ‘सॅटिस्फॅक्शन’नंतर. त्याच वर्षाच्या अखेरीस बीटल्सच्या ‘थिंक फॉर युअरसेल्फ’मध्ये पॉल मॅकार्टनीचा फझ लावलेला बेस ऐकू आला. मात्र पुढची पंचवीस-तीस वर्षे पेडल बनवणाऱ्यांनी डोळ्यांसमोर ठेवला तो लीड गिटारवादक. बेसवाल्याने त्यातले आपल्याला चालेल ते वेचून घ्यायचे, अशी रीत पडली.

बेसवाल्याला ते सहसा चालत नसे, आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. चार तारांच्या बेसची सर्वात जाड मोकळी तार ४१.२ हर्ट्झवर वाजते. गिटारची सर्वात जाड तार याच्या दुप्पट, ८२.४ हर्ट्झवर. गिटारसाठी आखलेल्या पेडलच्या तोंडाशी जो कपॅसिटर असतो, तो खालची कंपने मुद्दाम अडवतो, कारण गिटारला त्यांची गरज नसते आणि ती राहिली तर आवाज गदळ होतो. बेस अशा पेडलमधून नेला की वरचा खरखराट येतो आणि खालचा खर्ज नाहीसा होतो. पायाखालचे बटण दाबताक्षणी संपूर्ण वाद्यवृंदाचा पायाच खचल्यासारखा वाटतो. म्हणून एक पेडल घ्यावे, घरी ते गोड वाटावे, साथसंगतीत मात्र फुसके ठरावे, मग दुसरे शोधावे, हे चक्र बेसवादकांच्या बाबतीत गिटारवाल्यांपेक्षा जास्त फिरले. या खरेदीला केवळ हौस म्हणणे अन्यायाचे आहे. वाद्याची खरी गरज भागवणारी वस्तूच बराच काळ बाजारात नव्हती.

दुसरे कारण कानाचे आहे. छोट्या स्पीकरला ४१ हर्ट्झचा मूळ स्वर पेलत नाही. ट्रान्झिस्टर रेडिओ किंवा मांडवाच्या खांबावरचा कर्णा तो स्वर मुळी सोडतच नाही. पण त्या स्वराचे वरचे उपस्वर ऐकू आले, तर मेंदू त्यांच्या आधारे नसलेला मूळ स्वर मनानेच भरून काढतो. फझ, ओव्हरड्राइव्ह यांसारखे इफेक्ट नेमके हेच उपस्वर वाढवतात. म्हणजे थोडासा ‘फाटलेला’ बेस लहान रेडिओवर स्वच्छ बेसपेक्षा अधिक स्पष्ट कळतो. ज्या देशात बहुतेकांनी चित्रपटसंगीत रेडिओवर, तेही विविध भारतीच्या १९५७ मधील आरंभापासून, छोट्याशा संचावर ऐकले, तिथे बेसवादकाची मेहनत ऐकणाऱ्यापर्यंत पोहोचणे हाच मोठा प्रश्न होता.

मुंबईत हा प्रश्न प्रथम पडला तो चित्रपटांच्या वाद्यवृंदांना. त्या वाद्यवृंदांचा कणा गोव्याच्या वादकांचा होता. पोर्तुगीज अमलातील चर्चच्या शाळांमधून स्वरलिपी शिकलेली मुले मुंबईत येत, ताजसारख्या हॉटेलांत जॅझ वाजवत आणि दिवसा स्टुडिओत बसत. चिक चोकोलेट, फ्रँक फर्नांड, अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा ही नावे त्या पिढीची. तेव्हा खालचा स्वर डबल बेसचा असे. साठच्या दशकात तिथे बेस गिटार शिरली. लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्याकडे प्यारेलाल यांचे बंधू गोरख शर्मा आणि राहुलदेव बर्मन यांच्याकडे टोनी वाझ हे या वाद्याचे आघाडीचे वादक झाले. सत्तरच्या दशकातील हिंदी गाण्यांतून बेसची स्वतंत्र, चालती-बोलती ओळ ऐकू येते, ती या मंडळींमुळे. श्रोत्यांना ती ओळ गुणगुणता येते, वाजवणाऱ्याचे नाव मात्र सांगता येत नाही. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत आणि तबकडीच्या वेष्टनावर वादकांची नावे छापण्याची पद्धतच नव्हती.

याच स्टुडिओंत नव्या नादाची भूकही होती, आणि ती पेडल हाती येण्याआधीची आहे. ‘यादों की बारात’मधील (१९७३) ‘चुरा लिया’च्या आरंभी काचेच्या पेल्यावर चमचा वाजतो. ‘शोले’तील (१९७५) ‘महबूबा’साठी अर्ध्या भरलेल्या बाटल्यांच्या तोंडावर फुंकर घालून नाद काढला गेला. ‘दम मारो दम’मध्ये (१९७१) भूपिंदर सिंग यांच्या गिटारखाली चरणजित सिंग यांनी ट्रान्झिकॉर्ड या विजेच्या अ‍ॅकॉर्डियनचा लांब, गुंगवणारा स्वर धरला. कर्सी लॉर्ड यांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मूग सिंथेसायझर मुंबईत आणला. संगीतकाराला दर गाण्यात एक न ऐकलेला आवाज हवा असे आणि तो ज्याच्यापाशी असेल त्याला बोलावणे येई. अशा व्यवस्थेत नवे यंत्र ही वादकाची गुंतवणूक ठरते, चैन नाही. पेडल विकत घेण्याचा मुंबईतील सोस अशा रोजगाराच्या गणितातून उगवला, हे त्याचे पाश्चात्त्य हौशी वादकांच्या सोसापासूनचे वेगळेपण आहे.

पण विकत घ्यायचे कुठून? १९४७ च्या आयात-निर्यात नियंत्रण कायद्याखाली परदेशी वस्तू परवान्याशिवाय येत नसत आणि चैनीच्या वस्तूंवरील जकात जबर होती. १९९१ च्या आधी आयातशुल्काचा सर्वोच्च दर तीनशे टक्क्यांच्या वर गेला होता. धोबीतलावला १८६५ पासून चालत आलेले फुर्टाडोचे दुकान होते. तिथे स्वरलिपीची पुस्तके, तारा, व्हायोलिने मिळत, पण जपान-अमेरिकेतून बाजारात येणारी ताजी पेटी काउंटरवर ठेवलेली सापडेल अशी ती परिस्थिती नव्हती. त्या काळात पेडल मुंबईत येई ते माणसाबरोबर. जहाजांवर नोकरी करणारे गोव्याचे तारवटी, क्रूझ जहाजांच्या बँडमध्ये वाजवणारे वादक, आखातात गेलेले भाऊबंद, परदेश दौऱ्यावर गेलेल्या गायकांच्या साथीचे लोक, यांच्या सामानात कपड्यांच्या घडीत गुंडाळलेली एखादी पेटी असे. सिंगापूर आणि हाँगकाँग ही त्या खरेदीची मोठी ठिकाणे. ज्याला ती मिळे तो ती जन्मभर वापरी, मित्राला ध्वनिमुद्रणापुरती देई, कधी भाड्याने. टंचाईमुळे ओढ कमी झाली नाही; उलट एका पेटीभोवती चार-पाच वादकांचे वर्तुळ तयार झाले. वस्तू सामायिक असल्याने तिचे ज्ञानही सामायिक राहिले, आणि तेवढ्यापुरती ती व्यवस्था आजच्यापेक्षा समृद्ध होती.

ज्यांना हेही जमत नसे ते पेटी बनवून घेत. ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे आजचा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, हा सुट्या भागांचा बाजार. पुण्यात बुधवार पेठेतील तपकीर गल्लीचे तेच काम. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या कारागिराला फझचे सर्किट अवघड नव्हते : दोन ट्रान्झिस्टर, काही रेझिस्टर आणि कपॅसिटर, एक खटका, नऊ व्होल्टची बॅटरी. गंमत अशी की १९६६ मध्ये लंडनहून आलेल्या प्रसिद्ध ‘फझ फेस’मध्ये वापरलेला एसी-१२८ हा जर्मेनियम ट्रान्झिस्टर आपल्याकडे घरगुती रेडिओच्या दुरुस्तीत सर्रास लागे आणि बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये तयार होई. जगभरचे हौशी लोक आज जुन्या साठ्यातून शोधत फिरतात तो भाग इथे रेडिओवाल्याच्या खणात पडलेला असे.

जर्मेनियमचा एक दोष मात्र इथल्या हवेत फार जाणवला. तापमान वाढले की त्या ट्रान्झिस्टरमधून नको असलेला प्रवाह गळू लागतो आणि पेडलचा आवाज बदलतो. कधी तुटक होतो, कधी बसून जातो. जानेवारीत जमवलेला नाद मे महिन्यात मंचावर, दिव्यांच्या उष्णतेत, तसा राहत नसे. पावसाळ्यात खटक्यांना गंज चढे आणि आवाज घटवण्या-वाढवण्याच्या खुंट्या खरखरत. त्यामुळे दुसरी पेटी जवळ असावी असे वाटणे यात नुसता लोभ नव्हता.

विजेचा भाग तर याहून जिकिरीचा. जपानी पेडलांचे अडॅप्टर शंभर व्होल्टवर, अमेरिकी एकशेवीसवर चालणारे. आपल्या भिंतीतली वीज दोनशेतीस व्होल्टची. घाईत चुकीच्या जागी लावलेला अडॅप्टर एका क्षणात जळे, म्हणून कार्यक्रमाच्या सामानात ‘एकशेदहाचा ट्रान्सफॉर्मर’ हे जड धूड असायचे. अडॅप्टर नसेल तर बॅटरीवर भागवायचे. यात भर गुणगुणण्याची. भारतीय वीज ५० हर्ट्झची आहे. नाशिकजवळच्या एकलहरे येथील औष्णिक केंद्रासारख्या वीज केंद्रांतील टर्बाइन मिनिटाला ३००० फेऱ्या घेतात, त्याच गतीतून ही ५० हर्ट्झ येते. बेस गिटारच्या सर्वात जाड तारेवर तिसऱ्या पडद्याला लागणारा पाश्चात्त्य ‘जी’, ४९ हर्ट्झचा आहे. म्हणजे अर्थिंग नीट नसेल तर विजेची गुणगुण थेट बेसच्या पट्टीत, एका वापरातल्या स्वराला अगदी खेटून येते. दोन इतक्या जवळच्या कंपनांतून सेकंदाला एक असे हेलकावे ऐकू येतात. पश्चिम विभागाच्या ग्रीडमध्ये मागणी पुरवठ्याहून फार वाढली की वारंवारिता पन्नासच्या बरीच खाली उतरे. १ जुलै २००२ पासून उपलब्धतेवर आधारित वीजदर लागू झाल्यावर ती आवरली. त्याआधी एकलहऱ्यासारख्या वसाहतीतल्या गणेशोत्सवात असो की मुंबईच्या मैदानात, तात्पुरत्या जोडणीवर बेस लावणाऱ्याला ही गुणगुण कधी स्वराच्या वर, कधी बरोबर स्वरावर सापडे. एका अडॅप्टरवर चार पेडल जोडली की ती आणखी वाढते. गुणगुण मारण्यासाठी नॉइज गेट घ्यायचे, वीज स्वच्छ करण्यासाठी वेगळा पुरवठा घ्यायचा. अशा रीतीने एका पेडलच्या पोटी दोन पेडल जन्माला येतात, आणि बेसवादकाच्या बाबतीत हे टाळणे खरोखर कठीण आहे.

पेडल आणि बेस यांच्या इतिहासातला सर्वात विलक्षण मुंबईकर अध्याय एका यंत्राचा आहे. इकुतारो काकेहाशी यांच्या रोलँड कंपनीने १९८१-८२ च्या सुमारास ‘टीबी-३०३’ नावाची चंदेरी पेटी काढली. एकट्या गिटारवाल्याला घरी सराव करताना बेसवादकाची उणीव भासू नये, हा तिचा उद्देश. बेस गिटारसारखा आवाज तिला जमला नाही आणि १९८४ पर्यंत तिचे उत्पादन थांबले. मुंबईच्या चरणजित सिंग यांनी मात्र ती सिंगापूरहून आणली आणि रोलँडच्याच ताल-यंत्राबरोबर व ज्युपिटर-८ सिंथेसायझरबरोबर लावून ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टु अ डिस्को बीट’ ही तबकडी १९८२ मध्ये एचएमव्हीसाठी केली. भैरव, ललित, भूपाळीसारखे राग, खाली त्या पेटीचा सरकता, चिरका बेस. तबकडी खपली नाही. त्यानंतर काही वर्षांनी शिकागोत त्याच पेटीतून ‘अ‍ॅसिड हाउस’ हा नृत्यसंगीताचा प्रकार निघाला. २०१० मध्ये तबकडी पुन्हा निघाली तेव्हा जगभरच्या ऐकणाऱ्यांना मुंबईने तोच आवाज आधी काढला होता हे कळले. चरणजित सिंग २०१५ मध्ये वारले; त्याआधी त्यांना युरोपातील मंचांवर ती सुरावट पुन्हा वाजवता आली, ही समाधानाची गोष्ट.

ज्या पेटीने हे घडवले तिच्याच वंशाने बेसवादकांचे काम मात्र हिरावले. १९८३ च्या यामाहा डीएक्स-७ नंतर कीबोर्डवर बेस वाजवणे सोपे आणि स्वस्त झाले. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात आणि नव्वदच्या दशकात चित्रपटांतील बेसची ओळ मोठ्या प्रमाणावर कीबोर्डकडे गेली. लग्नाच्या वरातीतील बेंजो पार्टीत आणि गल्लीतल्या ऑर्केस्ट्रातही कीबोर्डच्या डाव्या हाताने बेस सांभाळला. बेस गिटार हातात धरून जगणारा वादक मग वळला तो रॉककडे, चर्चमधील वादनाकडे, हॉटेलांकडे.

रॉकचा मंच इथे आधीपासून होता. सत्तरच्या दशकाच्या आरंभीची सिमला बीट स्पर्धा, लोणावळ्याजवळ मळवली येथे १९७१ मध्ये झालेला ‘स्नेहयात्रा’ महोत्सव, पुढे १९८६ पासूनचे इंडिपेंडन्स रॉक आणि धोबीतलावच्या रंगभवनातले कार्यक्रम यांतून तो घडला. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या रॉक मशीनने, म्हणजे पुढच्या इंडस क्रीडने, स्वतःची गाणी वाजवण्याचा आग्रह धरला. त्यात बेसवर मार्क सेल्विन आणि गिटारवर महेश तिनईकर होते. गोव्यात शिवोलीच्या रेमो फर्नांडिस यांनी ‘गोअन क्रेझी’ १९८४ मध्ये घरीच कॅसेट यंत्रावर ध्वनिमुद्रित केली. बहुतेक वाद्ये, बेससह, स्वतः वाजवली आणि कॅसेट स्वतः फिरून विकल्या. एकट्याने सारे वाजवणाऱ्याला इफेक्टची पेटी लागते ती एका वाद्यातून अनेकांचा भास उभा करण्यासाठी.

जुलै १९९१ च्या अर्थसंकल्पाने आयातशुल्काचा सर्वोच्च दर दीडशे टक्क्यांवर आणला आणि पुढे तो उतरत गेला. योगायोगाने याच वर्षांत उत्पादकांना बेसवादक स्वतंत्र गिऱ्हाईक म्हणून दिसू लागला. बॉसचा ओसी-२ ऑक्टेव्हर १९८२ पासून बेसवाल्यांनी आपलासा केला होताच. १९९४ मध्ये बॉसने खास बेससाठी ओडीबी-३ हा ओव्हरड्राइव्ह काढला. त्यात स्वच्छ आणि फाटलेला आवाज हव्या त्या प्रमाणात मिसळण्याची खुंटी दिली. आधी सांगितलेल्या खर्ज जाण्याच्या रोगावरचा हा खरा इलाज होता आणि तो यायला फझच्या जन्मानंतर ३२ वर्षे लागली. न्यूयॉर्कच्या टेक-२१ ची सॅन्सअँप बेस पेटी, जपानच्या झूमची स्वस्त बेस मल्टिइफेक्ट यंत्रे हीही त्याच दशकातली. एका झूममध्ये वीस-पंचवीस इफेक्ट मिळू लागल्यावर महाराष्ट्रातील लहान शहरांतल्या कॉलेज बँडच्या बेसवाल्याला प्रथमच कोरस आणि कॉम्प्रेसर यांतला फरक स्वतःच्या कानाने कळला. २००९ मध्ये हेलसिंकीत सुरू झालेल्या डार्कग्लासने तर केवळ बेसच्या पेडलवर कंपनी उभी केली. पाठोपाठ स्वस्त चिनी छोटी पेडले आली.

टंचाई संपली तेव्हा ओढीचे रूप बदलले. स्टिली डॅन या अमेरिकन गटाचा वॉल्टर बेकर, जो स्वतः बेसही वाजवी, त्याने नव्वदच्या दशकात वाद्ये गोळा करत सुटण्याच्या या सवयीला ‘गिटार अ‍ॅक्विझिशन सिंड्रोम’ असे नाव दिले होते. मुंबई-पुण्यात ती सवय आता तशीच दिसते : पेडल घ्यायचे, महिनाभर वाजवायचे, विकायचे, दुसरे घ्यायचे. वापरलेल्या पेडलांचा बाजार त्यामुळेच चालतो. बेसवादकाच्या वाट्याला साथसंगतीत फार थोडी मोकळीक येते. त्याने पाया सांभाळावा, पुढे येऊ नये, अशी अपेक्षा असते. पेडल ही त्याला मिळालेली एकमेव खासगी खोली आहे. या दृष्टीने आजची खरेदीही समजून घेता येते. तरी एक फरक नोंदवलाच पाहिजे. टोनी वाझ-गोरख शर्मांच्या पिढीकडे पेट्या फार थोड्या होत्या, तरी त्यांच्या ओळी ओळखता येतात, कारण त्या बोटांनी आणि संगीतकाराच्या मागणीने घडल्या. आज पेट्या पुष्कळ आहेत, पण त्यांतला बराच मोठा भाग घराबाहेर एकाही गाण्यात वाजत नाही.

या इतिहासाचा सर्वात मोठा तोटा म्हणजे त्याचे दप्तर नाही. कोणत्या गाण्यात कोणती पेटी होती, ती कोणी आणली, कोणत्या कारागिराने दुरुस्त केली, याच्या नोंदी कोणी ठेवल्या नाहीत. जे कळते ते वादकांच्या मुलाखतींतून आणि २००८ मध्ये आलेल्या ग्रेगरी बूथ यांच्या ‘बिहाइंड द कर्टन’सारख्या मोजक्या पुस्तकांतून. मुंबई, पुणे आणि गोव्यातील अनेक जुन्या वादकांच्या घरी माळ्यावर त्या पेट्या, जळके अडॅप्टर आणि हाताने काढलेल्या सर्किटचे कागद अजून असतील. घर रिकामे करताना ते भंगारात देण्याआधी कुटुंबीयांनी त्यांचे फोटो काढावेत, पेटीवर वादकाचे नाव आणि आठवत असेल ते गाणे लिहून ठेवावे, आणि एखाद्या संगीतविषयक संग्रहालयाशी किंवा विद्यापीठाच्या संगीत विभागाशी बोलावे.